षट्कर्णी : दूरध्वनीवरील कामकाजाच्या संभाषणाविषयी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या भाषेत ‘षट्कर्णी होणे’ असा एक वाक्प्रचार आहे. संस्कृतातून तो मराठीत आला. दोन माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा ते बोलणे चार कानांपुरते असते. तिसरा मनुष्य तेथे आला की कान सहा होतात, आणि सहा कानांत गेलेली गोष्ट गुप्त राहत नाही, असा आपल्या पूर्वजांचा अनुभव होता. मंत्र्याने राजास द्यावयाचा सल्ला असो की सावकाराने कुळाशी करावयाचा हिशोब असो, तो षट्कर्णी होऊ नये याची जुने लोक दक्षता घेत. आज हा शब्द बहुधा व्याकरणाच्या पुस्तकातील वाक्प्रचारांच्या यादीतच भेटतो. परंतु तो ज्या प्रसंगाला लागू पडतो तो प्रसंग मात्र पूर्वी कधी नव्हता इतका नित्याचा झाला आहे.

आपल्या खिशातील भ्रमणध्वनीवर एक लहानसे चिन्ह असते. बोलणे चालू असताना त्यावर बोट टेकविले की पलीकडच्या माणसाचा आवाज आपल्या एकट्याच्या कानात न येता साऱ्या खोलीत पसरतो. यालाच आपण ‘फोन स्पीकरवर टाकणे’ म्हणतो. चार कानांचे बोलणे त्या एका बोटाने सहा, आठ, प्रसंगी वीस कानांचे होते. आणि ज्याचे ते बोलणे आहे, त्याला मात्र याचा पत्ताही नसतो.

शाळा सोडल्यावर तुमच्यापैकी कोणी बँकेत, कोणी कचेरीत, कोणी सुताच्या वा कापडाच्या पेढीवर, कोणी केळीच्या व्यापारात, कोणी रुग्णालयात काम कराल. या सर्व ठिकाणी दूरध्वनीवर बोलणे हा कामाचाच एक भाग असतो. तेव्हा या चिन्हावर बोट केव्हा टेकवावे व केव्हा टेकवू नये, याचा विचार आताच करून ठेवणे हिताचे होईल. तुम्हांला उपदेश करण्याचा आमचा अधिकार मोठा आहे असे मात्र नाही. या बाबतीतली एक ठळक चूक आमच्याच हातून घडली आहे. प्रथम ती सांगतो.

आमच्या हातून घडलेली चूक

ही गोष्ट या शाळेतली नव्हे. पूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत शिकवीत होतो, तेव्हाची आहे. सहामाही परीक्षा संपली होती. शिक्षकांच्या खोलीत बसून आम्ही गुणपत्रकावर गुण चढवीत होतो. एका हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात लेखणी, अशा वेळी फोन वाजला. नववीतल्या एका मुलाचे वडील बोलत होते. हात मोकळे नव्हते म्हणून आम्ही फोन स्पीकरवर टाकला व टेबलावर ठेवून दिला. यात वाईट हेतू काहीच नव्हता. खरे सांगायचे तर आम्ही त्यावर क्षणभरही विचार केला नाही.

ते गृहस्थ यंत्रमागावर रात्रपाळी करीत. बोलताना ते प्रथम अडखळले. मग म्हणाले, की मुलाच्या आईच्या आजारपणात घरातले होते नव्हते ते गहाण पडले आहे, शाळेचे शुल्क आणखी दोन महिने भरता येणार नाही, आणि मुलाला यातले काही सांगितलेले नाही, तेव्हा वर्गात त्याच्याजवळ शुल्काचा विषय काढू नये. आम्ही त्यांना धीर दिला, मुख्याध्यापकांशी बोलतो असे सांगितले आणि फोन ठेवला. आपण एक चांगले काम केले अशा समाधानात आम्ही पुन्हा गुण चढवू लागलो.

खोलीत त्या वेळी दोन शिक्षक होते व एक शिपाई होता. त्यांच्यापैकी कोणी हे बाहेर बोलले नाही. परंतु दाराशी त्याच वर्गातील दोन मुले वह्यांचे गठ्ठे घेऊन उभी होती, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. ती मुले दुष्ट नव्हती. उलट फार चांगली होती. त्यांनी वर्गात सर्वांना विश्वासात घेतले, खाऊचे पैसे गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका पाकिटात घालून त्या मुलाच्या बाकावर ठेवले. पाकिटावर ‘शुल्कासाठी’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते.

आपली आई किती आजारी आहे आणि आपल्या घरावर काय वेळ आली आहे, हे त्या मुलाला त्या पाकिटावरून कळले. तो त्यानंतर आठ दिवस शाळेत आला नाही. नवव्या दिवशी त्याचे वडील त्याला घेऊन आले. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी आवाज चढविला नाही. ते एवढेच म्हणाले, “बाई, मी फोन तुम्हांला केला होता.”

मुलगा पुढे नीट शिकला, उत्तीर्ण झाला. परंतु त्याच्या वडिलांनी आम्हांला पुन्हा कधी फोन केला नाही. काही सांगावयाचे असले म्हणजे ते स्वतः शाळेत येत. रात्रपाळीनंतरची झोप मोडून येत, आणि आम्ही तासावर असलो तर व्हरांड्यात तासभर उभे राहत. फोनवर दोन मिनिटांत होणारे काम ते असे अर्धा दिवस घालवून करीत. आमच्या एका बोटाची किंमत ती होती, आणि ती आम्ही भरली नाही, त्यांनी भरली.

हा प्रसंग येथे लिहिण्यापूर्वी आम्ही त्यांची परवानगी मागितली. ती न मागता लिहिणे म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करणे झाले असते. “लिहा, पण नाव नको,” असे ते म्हणाले. म्हणून नाव, गाव व वर्ष यांतले काहीही येथे दिलेले नाही.

जुने लोक काय करीत?

दूरध्वनीचा शोध अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८७६ मध्ये लावला. आपल्या देशात १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर शंभर वर्षे लोटली तरी सामान्य माणसाच्या घरी फोन नव्हता. गल्लीत एखाद्या घरी फोन असे, आणि तोच क्रमांक साऱ्या गल्लीचा असे. पुष्कळ लोक आपल्या कागदांवर शेजाऱ्यांचा क्रमांक लिहून त्यापुढे कंसात ‘पी. पी.’ अशी अक्षरे घालीत. फोन आला की त्या घरातला मुलगा धावत येऊन “काकू, तुमचा फोन आहे” असे सांगे.

या व्यवस्थेत गुप्तता राहणे कठीण होते. असे असूनही, किंवा असे होते म्हणूनच, लोकांनी एक शिष्टाचार निर्माण केला होता. शेजारीण फोनवर बोलू लागली की यजमानीण “चहा ठेवते हं” म्हणून स्वयंपाकघरात निघून जाई. यजमान वर्तमानपत्र उघडून त्यात डोके घालीत. ऐकू येत होतेच. पण ‘आम्ही ऐकत नाही’ हे त्या कृतीतून बोलणाऱ्याला सांगितले जात होते. पुढे १९८० नंतरच्या काळात गावोगाव एस.टी.डी.ची दुकाने निघाली, तेव्हा त्या चिमुकल्या दुकानातही काचेची एक उभी खोली असे. पैसे किती झाले ते दाखविणारे आकडे बाहेर दिसत, पण माणूस आत शिरला की दार ओढून घेई. दुकानदाराला जागेची टंचाई होती, तरी त्याने त्या दारासाठी जागा काढली. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्यानंतरच्या तीस वर्षांत फोन प्रत्येकाच्या हातात आला, आणि ज्याचा त्याला स्वतंत्र फोन मिळाल्यावर संभाषण अधिक खासगी व्हावे, ते उलट चव्हाट्यावर आले. काचेचे दार गेले. त्याच्या जागी आता आपले तारतम्य उभे राहिले पाहिजे.

दरबार आणि खासगी भेट

कोणापुढे बोलतो आहोत हे ठाऊक असले म्हणजे माणूस त्याप्रमाणे आपले शब्द निवडतो. याचे एक चांगले उदाहरण आपल्या बऱ्हाणपूरच्या इतिहासात आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून जहांगीर बादशहाच्या भेटीस अजमेरला जात असता १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात बऱ्हाणपुरास थांबला. बादशहाचा पुत्र शहाजादा परवेझ त्या वेळी येथे राहून दक्षिणेचा कारभार पाहत होता. रो त्याच्या दरबारात गेला. जमिनीला मस्तक टेकवून वंदन करण्यास त्याने नकार दिला. त्याने बसण्यास खुर्ची मागितली, तीही त्याला मिळाली नाही. इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीची परवानगी त्याने मागितली, ती मात्र मिळाली. जे बोलणे सर्वांदेखत व्हावयाचे ते असे दरबारी रीतीने झाले. पुढचे मोकळे बोलणे खासगी भेटीत करू, असे शहाजाद्याने त्याला सांगितले. रोने नजर केलेल्या वस्तूंत मद्याच्या बाटल्या होत्या. त्यांचा अंमल चढल्यामुळे ती खासगी भेट त्या दिवशी झालीच नाही, ही नोंद रोच्या रोजनिशीत आहे.

या हकीकतीतला मजेचा भाग बाजूला ठेवला तर तिच्यातून एक गोष्ट दिसते. दरबारातले बोलणे निराळे आणि खासगीतले बोलणे निराळे, हे परवेझही जाणत होता व रोही जाणत होता. दरबारात उभे राहून माणूस दरबारी भाषा बोलतो. आपली अडचण, आपली शेवटची किंमत, आपल्या मनातली शंका तो तेथे उघड करीत नाही. खासगी भेट म्हणून बोलावून पडद्याआड साऱ्या दरबाराला बसविणे, याला मात्र कोणत्याही काळी कपटच म्हटले गेले असते. न सांगता फोन स्पीकरवर टाकणारा मनुष्य नकळत नेमके हेच करीत असतो.

येथे कोणी म्हणेल, की सचोटीच्या माणसाला लपविण्यासारखे काय असते? या आक्षेपाचे उत्तर बाजारपेठेतच सापडते. पूर्वी अनेक बाजारांत दलाल व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. माल ज्या शेतकऱ्याचा, त्यालाच तो भाव कळत नसे. त्यातून अन्याय होई, म्हणून नियंत्रित बाजार समित्यांमध्ये ही चाल बंद करून उघड लिलावाचा नियम करण्यात आला. तो योग्यच होता; कारण ज्याला कळण्याचा हक्क होता त्याच्यापासून बोलणे लपविले जात होते. न सांगता चालू केलेला स्पीकर ही त्याच दोषाची दुसरी बाजू आहे. रुमालाखाली बोलणे लपविले जाई. येथे ऐकणारे लपविले जातात. उघड लिलावात बोली बोलणारा प्रत्येक जण जाणतो की सारा बाजार ऐकतो आहे. तेव्हा दोष उघडेपणात नाही आणि गुप्ततेतही नाही. आपले कोण ऐकत आहे हे बोलणाऱ्याला माहीत नसणे, हा दोष आहे.

एक उदाहरण घ्या. एखादा कापड-व्यापारी बाहेरगावच्या गिऱ्हाइकाशी भाव ठरवीत आहे. पेढीवर दुसरे दोन व्यापारी चहा घेत बसले आहेत. गिऱ्हाईक आपला शेवटचा भाव सांगते, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे तो भाव तिघांच्या कानी पडतो. संध्याकाळपर्यंत तो साऱ्या बाजाराला माहीत होतो. पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक शेवटचा भाव फोनवर सांगत नाही, किंवा त्या पेढीलाच फोन करीत नाही. पेढीवर कोणी लबाडी केली नाही, तरी पेढीची पत गेली.

यंत्र काय करते?

शिष्टाचाराचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी स्पीकरवर बोलणे नीट ऐकू येत नाही, ही अडचण उरतेच. तिची कारणे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत.

फोन कानाशी असतो तेव्हा त्याचा ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, आपल्या मुखापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर असतो असे धरा. फोन टेबलावर ठेवला की हेच अंतर सुमारे ५० सेंटिमीटर होते. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. अंतर दहापट झाले, म्हणून यंत्रापर्यंत पोहोचणारी आपल्या आवाजाची तीव्रता शंभरावा हिस्सा उरते. पंख्याचा आवाज, कागदांची सळसळ, रस्त्यावरचे भोंगे व भिंतींवरून उलटणारे आपल्याच शब्दांचे पडसाद यांची तीव्रता मात्र कमी होत नाही. म्हणून पलीकडच्या माणसाला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. पलीकडचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच पुन्हा आपल्या ध्वनिग्राहकात शिरतो व बोलणाऱ्याकडे परत जातो. हे टाळण्याची योजना फोनमध्ये केलेली असते. परंतु दोघे एकाच वेळी बोलू लागले, की या योजनेमुळे पुष्कळदा एकाचा आवाज दाबला जातो आणि वाक्यातले शब्द गळतात. गळलेला शब्द ‘नाही’ हा असला, तर वाक्याचा अर्थच उलटा होतो.

तिसरी अडचण वर्णांची व अंकांची. स, श, फ, थ यांसारख्या वर्णांतील भेद उच्च कंपनसंख्येच्या ध्वनींवर अवलंबून असतो. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच कक्षेतला आवाज जात असे. आजची यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, तरी गोंगाटात हेच वर्ण प्रथम बुडतात. त्यात आपल्या गावी मराठी व हिंदी एकाच वाक्यात नांदतात. ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांत, किंवा हिंदीतील ‘उनसठ’ व ‘उनहत्तर’ यांत, ऐकणाऱ्याचा घोटाळा सहज होतो. दर मीटरला दहा रुपयांचा फरक म्हणजे हजार मीटरला दहा हजारांचा फरक. म्हणून फोनवर संख्या सांगताना ‘पाच-नऊ, एकोणसाठ’ अशी अंकशः सांगावी, आणि ऐकणाऱ्याने ती पुन्हा म्हणून दाखवावी.

कायदा आणि शासकीय सूचना

दूरध्वनीवरील संभाषण हा व्यक्तीच्या खासगी जीवनाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका महत्त्वाच्या निकालात सांगितले. तो निकाल सरकारने चोरून संभाषण ऐकण्यासंबंधी होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.

शेजारच्या महाराष्ट्रात सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी भ्रमणध्वनीच्या वापराविषयी सूचना काढल्या. कचेरीच्या कामासाठी शक्यतो कार्यालयीन दूरध्वनी वापरावा, भ्रमणध्वनी गरजेपुरताच वापरावा, भोवती माणसे आहेत याचे भान ठेवून हळू व सौम्य आवाजात बोलावे, वाद घालू नये, खासगी फोन खोलीबाहेर जाऊन घ्यावा, बैठकीत फोनचा आवाज बंद ठेवावा, असा त्यांचा आशय होता. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये रात्री दहानंतर डब्यात फोनवर मोठ्याने बोलण्यास व गाणी वाजविण्यास आळा घालणाऱ्या सूचना दिल्या, आणि मुंबईच्या ‘बेस्ट’ने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या बसगाड्यांत असाच नियम केला.

हे नियम मुख्यतः भोवतालच्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून आहेत. बसमधल्या माणसाच्या झोपेची काळजी नियम घेतो. फोनच्या पलीकडच्या माणसाच्या विश्वासाची काळजी मात्र ज्याने फोन हातात धरला आहे त्यालाच घ्यावी लागते.

मग काय करावे?

पहिली गोष्ट ही, की स्पीकर चालू करण्यापूर्वी विचारावे. चालू केल्यानंतर नव्हे. “माझ्याजवळ हिशोबनीस बसले आहेत. त्यांनाही ऐकता यावे म्हणून फोन स्पीकरवर घेऊ का?” एवढे एक वाक्य पुरे. पलीकडून ‘हो’ येईपर्यंत थांबावे. ‘नको’ असे उत्तर आले तर कारण विचारू नये. नुसते ‘स्पीकरवर आहे हं’ असे सांगणे म्हणजे विचारणे नव्हे. आणि वाक्याच्या मध्येच ते सांगितले, तर तोवर जे बोलून झाले ते परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट, खोलीत जे जे आहेत त्या सर्वांची नावे सांगावी. शक्य तर प्रत्येकाने एक शब्द बोलून आपला आवाज ओळखीचा करून द्यावा. मध्येच कोणी आत आले तर तेही सांगावे. चहा घेऊन आलेला मुलगाही ऐकतो. त्याला कान नाहीत असे समजणे हा त्याचा अपमान आहे आणि बोलणाऱ्याची फसवणूकही आहे.

तिसरी गोष्ट, विषय पाहावा. पगार, आजार, गुण, कर्ज, बँकेच्या खात्याचा क्रमांक, कोणाविषयीची तक्रार, ही बोलणी स्पीकरवर करू नयेत. बोलण्याच्या ओघात असा विषय निघाला तर “थांबा, मी फोन कानाला लावतो” असे म्हणून स्पीकर बंद करावा. आपले हात कामात गुंतले असतील तर “पाच मिनिटांनी मीच फोन करतो” असे म्हणावे. त्या दिवशी आम्ही एवढे एक वाक्य बोललो असतो तर पुढचे सारे टळले असते.

चौथी गोष्ट, जागा व रीत. दार लावलेली खोली असावी, पंखा मंद करावा, फोन हातभर अंतराच्या आत ठेवावा, त्याच्याजवळ कागद चाळू नयेत. एकाचे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मगच दुसऱ्याने बोलावे. अनेक जण असतील तर बोलण्यापूर्वी आपले नाव सांगावे.

पाचवी गोष्ट, बोलणे संपल्याचे सांगून फोन बंद करावा, आणि तो खरोखर बंद झाला की नाही हे पाहावे. फोन बंद झाला अशा समजुतीने खोलीतले लोक पलीकडच्या माणसाविषयी काही बोलतात, आणि ते त्याला ऐकू जाते, असे प्रसंग पुष्कळांवर आले आहेत. खरे तर फोन बंद झाल्यावरही असे काही बोलू नये.

सहावी गोष्ट ऐकणाऱ्यासाठी. दुसऱ्याचे फोनवरील बोलणे आपल्या कानी पडत असेल तर तेथून उठून जावे, किंवा “आम्ही येथे आहोत” असे कळू द्यावे. आणि जे कानी पडले ते पुढे नेऊ नये, मग हेतू कितीही चांगला असो. ती दोन गुणी मुले आम्हांला हेच शिकवून गेली.

शेवटची गोष्ट, पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला तर आपण विचारावे, “मी स्पीकरवर आहे का?” असे विचारण्यात उद्धटपणा नाही. साहेबालाही हा प्रश्न नम्रपणे विचारता येतो.

स्पीकर वाईट नव्हे

यावरून स्पीकर हे एक दुष्ट यंत्र आहे असे कोणी समजू नये. ज्यांना कमी ऐकू येते, ज्यांच्या हाताला कंप आहे, ज्यांना फोन धरता येत नाही, त्यांना तो वरदान आहे. तिघाचौघांनी मिळून निर्णय घ्यावयाचा असेल, एक जण दुसऱ्या गावी असेल, तर स्पीकरमुळे सर्वांचा वेळ वाचतो आणि निरोप एका तोंडून दुसऱ्या तोंडी जाताना बदलत नाही.

आमच्या मातोश्री गोव्यात असतात. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून त्या नेहमी स्पीकरवरच बोलतात. आमची मातृभाषा कोंकणी. फोन उचलल्यावर त्यांचे पहिले वाक्य पुष्कळदा असे असते : “आयक गो, हांगा वयनी बसल्या.” म्हणजे ‘ऐक ग, येथे वहिनी बसल्या आहेत.’ मग वहिनी “कशी आहेस?” म्हणून विचारतात, आणि आम्ही त्यांच्यासमोर बोलण्यासारखे तेवढेच बोलतो. कधी त्या म्हणतात, की आता घरात कोणी नाही. मग आम्ही मनातले बोलतो. मातोश्रींनी कोणत्याही कचेरीत नोकरी केली नाही, शिष्टाचाराचे पुस्तकही वाचले नाही. तरी या लेखात आम्ही जे इतक्या विस्ताराने सांगितले, ते त्या रोज चार शब्दांत करतात. आम्ही ते वर्षानुवर्षे ऐकत होतो, आणि तरीही ती चूक केली.

मित्रहो, आपल्या गावाचा कुंडी भंडारा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या वाटेने गावापर्यंत आणण्याची ही योजना मोगलांच्या काळातली. शंभराहून अधिक कुंड्या त्या एका वाटेने जोडलेल्या आहेत. डोंगराकडून निघालेले पाणी वरून झाकलेल्या त्या वाटेने स्वच्छ राहून पुढे येते. आपल्यावर भरवसा ठेवून कोणी फोनवर दोन शब्द बोलतो, तेव्हा तेही असेच झाकल्या वाटेने आपल्याकडे आलेले असतात. पुढच्या वेळी त्या चिन्हाकडे बोट जाईल तेव्हा क्षणभर थांबा, खोलीत कोण कोण आहे ते पाहा, आणि पलीकडच्या माणसाला विचारा. दाराकडेही एकदा पाहून घ्या. आम्ही पाहिले नव्हते.